सी ड्राइव्ह पुन्हा लाल: डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स डी वर नेले तरी परत का येतात?

सांगलीहून काकांचा फोन आला की मी आधी घड्याळ बघतो. सकाळी लवकर आला तर शेतीचं काहीतरी, रात्री नऊनंतर आला तर कॉम्प्युटर. परवाचा सव्वानऊचा होता.

"अरे, ती पट्टी परत लाल झाली. तू तर म्हणाला होतास, सगळं डी वर टाकलंय."

टाकलं होतं. दीड वर्षात हे तिसऱ्यांदा. काकांच्या मशीनमध्ये १२० जीबीची एसएसडी आहे (विंडोज ती १११ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने) आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. एसएसडी म्हणजे सी, हार्ड डिस्क म्हणजे डी. जुना कॉम्प्युटर वेगवान करायला छोटी एसएसडी बसवून घेतलेल्या बहुतेक घरांत हीच मांडणी असते. विंडोज सी वर, आणि डी जवळजवळ रिकामा. सी वर दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की 'धिस पीसी'मधली निळी पट्टी लाल होते. मग अपडेट अडकतं, प्रिंटर रुसतो, एक्सेल सेव्ह करताना कुरकुरतं.

तिन्ही वेळा लक्षण हेच होतं. कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. ते न शोधता मी आदल्या वेळचाच उपाय पुन्हा करत बसलो असतो, तर चौथा फोनही ठरलेलाच होता. म्हणून तिन्ही प्रकार सविस्तर लिहितो. तुमचा कुठला आहे ते आधी ओळखा.

पहिल्यांदा: माल हलला, नोंद नाही

पहिल्या वेळी मी सगळ्यात सोपं काम केलं. डाउनलोड्स उघडलं, सगळं सिलेक्ट केलं, कट, आणि डी वर 'जुने डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये पेस्ट. पिक्चर्सचंही तसंच. सी वर ४५ जीबी मोकळे झाले. काकूंनी शाबासकी म्हणून चहासोबत चिवडा दिला.

चार महिन्यांनी पट्टी लाल. साहजिकच होतं. मी डाउनलोड्सच्या पोटातलं हलवलं होतं, डाउनलोड्स जागेवरच होतं. सोसायटीच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, द्राक्षबागेच्या औषधांच्या बिलांचे फोटो, पुतणीने फोनवरून ओतलेले लग्नाचे व्हिडिओ, सगळं नव्याने सी वर साठत गेलं.

इथे विंडोजची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला दिसणारी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज ही सहा नावं म्हणजे सहा ठरलेल्या जागा नव्हेत. ती नुसती नावं आहेत. कुठलं नाव डिस्कवर कुठल्या रस्त्याला लावायचं, याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोज स्वतःच्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं ती वही) 'यूझर शेल फोल्डर्स' नावाच्या कप्प्यात असते. वर्ड, ब्राउझर, स्कॅनर विचारतात, "डॉक्युमेंट्स कुठे आहे?" आणि विंडोज ही नोंद बघून सांगतं.

हे मी काकांना फोनवर समजावत होतो. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर नाव जुनंच राहिलं. फेरफार केलाच नाहीस."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. फायली कट-पेस्ट करणं म्हणजे कब्जा बदलणं. नोंद बदलायला फेरफार लागतो, आणि विंडोजमध्ये तो फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन' टॅबवर होतो.

दुसऱ्यांदा: फेरफार झाला, पण चुकीच्या गटात

दुसऱ्या खेपेला लोकेशन टॅब वापरला. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. आणि इथे मी घाई केली. डी ड्राइव्ह निवडला आणि वेगळा फोल्डर न करता थेट ड्राइव्हच निवडून ओके दाबलं. मग डाउनलोड्सचंही तसंच. दोन फोल्डर एकाच जागी नेताना विंडोज इशारा देतं, की नंतर हे वेगळे करता येणार नाहीत. मी येस दाबलं. दिवसभर प्रवास करून आलो होतो एवढंच स्वतःच्या बाजूने म्हणेन.

परिणाम असा, की डॉक्युमेंट्स उघडलं तरी अख्खा डी ड्राइव्ह दिसायचा आणि डाउनलोड्स उघडलं तरी तोच. काकांचे जुने सिनेमे, पुतणीचे गेम, सोसायटीचे हिशेब, सगळा एकच बाजार. काकांनी नको असलेली डाउनलोड्स पुसायला घेतली आणि सुदैवाने आधी फोन केला.

परत फिरवायला गेलो तर 'रिस्टोर डिफॉल्ट' बटण चालेना. संदेश असा येतो, की त्याच जागी दुसरा फोल्डर आहे, तो हलवता येत नाही, म्हणून हाही हलवता येत नाही. पुढे इंग्रजीत 'अॅक्सेस इज डिनाइड'. लोक इथे परवानग्या बदलत बसतात, ओनरशिप घेतात, आणि गुंता वाढवतात. परवानगीचा इथे काही संबंध नसतो. दोन नावं एकाच रस्त्याला बांधलेली असतात आणि विंडोजला त्यातलं एक सोडवता येत नाही, एवढंच.

ही गाठ रजिस्ट्रीतच सोडवावी लागते. आधी सी वरच्या तुमच्या यूझर फोल्डरमध्ये डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर आहेत का बघा. नसतील तर हाताने तयार करा, नावं इंग्रजीतच. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून 'रेजएडिट' टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). डाव्या झाडात एचकी करंट यूझर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असं उतरत 'यूझर शेल फोल्डर्स'पर्यंत जा. काहीही बदलण्याआधी फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट करून या कप्प्याची प्रत डी वर ठेवा. हा टप्पा गाळू नका.

त्या कप्प्याच्या शेजारीच 'शेल फोल्डर्स' असा जवळजवळ त्याच नावाचा दुसरा कप्पा आहे. तो जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी राहिलाय आणि त्यातली एक नोंदच म्हणते, ही रजिस्ट्री की वापरू नका. खरोखर असंच लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याला मनापासून नमस्कार, पण तरी लोक तिथेच बदल करतात आणि काहीच घडत नाही म्हणून हैराण होतात.

आपल्या कप्प्यात डॉक्युमेंट्स नावाची नोंद सापडणार नाही. तिचं नाव तिथे 'पर्सनल' आहे. फोटोंची 'माय पिक्चर्स', व्हिडिओची 'माय व्हिडिओ', एकवचनी. डाउनलोड्सचं तर नावच नाही, महिरपी कंसात आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ आहे, ३७४ पासून सुरू होणारी. 'पर्सनल'वर डबल क्लिक करून तिथला डी चा रस्ता खोडा आणि टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये यूझरप्रोफाइल, मग उलटी तिरकी रेघ, मग डॉक्युमेंट्स असं लिहा. डाउनलोड्सलाही तसंच, शेवटी डाउनलोड्स. साइन आउट करून परत आत या. आता दोन्ही नावं मूळ जागी आलेली असतील. फायली मात्र अजून डी वरच पडलेल्या असतात. त्या हाताने निवडून वेगवेगळ्या कराव्या लागतात. मला दोन रविवार लागले.

यातून मी स्वतःला घालून घेतलेला नियम साधा आहे. डी वर आधी एक फोल्डर, त्यात प्रत्येक नावाचा वेगळा फोल्डर, आणि लोकेशन टॅबमध्ये नेमका तोच रस्ता. ड्राइव्हचं मूळ कधीच नाही.

तिसऱ्यांदा: नोंद तिसऱ्याच्याच नावावर

परवाचा फोन या प्रकारातला होता. मधल्या काळात काकांच्या मशीनवर विंडोज नव्याने टाकलं गेलं होतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ घेतलं. नवं विंडोज टाकलं की यूझर शेल फोल्डर्समधल्या नोंदीही नव्याने लिहिल्या जातात, म्हणजे सगळी नावं परत सी वर. डी वरचे जुने फोल्डर जागच्या जागी, फक्त विंडोजला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. हे मी काकांना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नव्हतं.

त्यात काकांनी सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं आणि पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेले. आपण सगळेच तसं करतो. त्या वाटेवर वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टची नेटवर फायली ठेवायची सोय) फोल्डर बॅकअप चालू होऊ शकतो, आणि इथे तो झाला होता.

ओळखायचं कसं? डॉक्युमेंट्स उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीतल्या रिकाम्या जागेत क्लिक करा. खरा रस्ता दिसेल. त्यात मध्येच वनड्राइव्ह असा शब्द असेल तर नोंद वनड्राइव्हच्या नावावर गेलीय. दुसरी खूण म्हणजे फायलींच्या शेजारी हिरवी बरोबरची खूण किंवा निळा ढग. हिरव्या खुणेची फाइल कॉम्प्युटरवर आहे, निळ्या ढगाची नुसती पाटी आहे, माल नेटवर.

हा बॅकअप 'प्रत' या अर्थाचा नसतो, हे फार जणांना माहीत नसतं. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डरच वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवतो आणि नोंद तिकडे वळवतो. वनड्राइव्हचा फोल्डर मुळात सी वर असतो. फुकट जागा ५ जीबी. काकांचे फोटोच त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे वनड्राइव्ह भरलेला, सी सुद्धा भरलेला, आणि डी वर साडेसातशे जीबी मोकळे.

इथली सगळ्यात वाईट चूक म्हणजे वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन तिथला डॉक्युमेंट्स फोल्डर 'डबल झालाय' म्हणून पुसणं. तो डबल नाही, तोच एकमेव आहे. तिथे पुसलं की कॉम्प्युटरवरूनही जातो. झालंच असेल तर वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये बघा, वैयक्तिक खात्यात पुसलेलं तिथे ३० दिवस राहतं.

सोडवायचं असं, आणि हाच क्रम पाळायचा. आधी डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे ढगातल्या फायली खाली उतरतील. सी वर तेवढी जागा नसेल तर एकेक पोटफोल्डर उतरवा. उतरेल तसा तो डी वरच्या एका साध्या फोल्डरात कॉपी करा, कट नको. वनड्राइव्हमधून कट करून बाहेर काढलेली फाइल नेटवरूनही निघून जाते. कॉपी झालेल्या पोटफोल्डरवर 'फ्री अप स्पेस' दाबलं की तो परत ढगात जातो आणि पुढच्याला जागा होते.

सगळं डी वर आहे याची खात्री झाल्यावरच घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप इथे जा आणि चालू असलेले सगळे खटके बंद करा. बंद करताना फायली कुठे ठेवायच्या असं विचारलं तर या कॉम्प्युटरवर असं सांगा. विचारलं नाही तर बहुतेक वेळा फायली वनड्राइव्हच्याच फोल्डरात राहतात आणि मूळ डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं, त्यात 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचा शॉर्टकट. काकांनी ते रिकामं बघितलं तेव्हा फोनवर अर्धा मिनिट शांतता होती. फायली गेलेल्या नसतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की सापडतात.

मगच लोकेशन टॅब. बॅकअप चालू ठेवून लोकेशन बदलायला जाणं म्हणजे एका जमिनीवर दोन फेरफार एकदम टाकणं. उलट बाजूनेही तेच: फोल्डर आधीच डी वर नेलेला असेल तर वनड्राइव्ह बॅकअपला नकार देऊ शकतं आणि फोल्डर मूळ जागी नाही असं सांगतं. दोन्हीपैकी एक ठरवा.

वनड्राइव्हची जागा विकत घेतली असेल आणि बॅकअप हवाच असेल, तर तिसरा मार्ग आहे. वनड्राइव्हचा अख्खा फोल्डरच डी वर न्यायचा. बॅकअप थांबवा, सेटिंग्जमध्ये अकाउंट खाली 'अनलिंक धिस पीसी' करा, फोल्डर कट करून डी वर ठेवा, परत साइन इन करताना 'चेंज लोकेशन' दाबून तो फोल्डर दाखवा, मग बॅकअप पुन्हा चालू करा. यासाठी डी एनटीएफएस फॉरमॅटचा (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची नेहमीची पद्धत) हवा आणि कॉम्प्युटरच्या आत बसवलेला हवा. पेन ड्राइव्ह किंवा यूएसबीची डिस्क नको.

आता एकदाच नीट करायचं तर

डी वर एक फोल्डर करा, घरातल्या माणसाच्या नावाचा. त्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज असे वेगळे फोल्डर. घरात दोघांची दोन खाती असतील तर दोन वेगळे मुख्य फोल्डर, एकात दुसऱ्याचं नको. नंतर एका वेळी एकच नाव घ्या: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आतला नेमका फोल्डर निवडा, अप्लाय. जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नव्या जागी हलवायच्या का, असं विचारेल. येस म्हणा.

इथे नो म्हणणारे बरेच असतात, "आधी बघू, मग हलवू" म्हणून. ते का करू नये याचं मोठं उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ क्रमांकाचं अपडेट आलं आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फायली गायब झाल्या. फटका बसला तो मुख्यतः अशांना, ज्यांनी फोल्डरची नोंद दुसरीकडे वळवली होती पण जुन्या जागी फायली तशाच ठेवल्या होत्या. अपडेटने तो जुना फोल्डर निरुपयोगी समजून काढून टाकला. दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला परत आलं. ती चूक सुधारली गेली, पण नोंद एका जागी आणि माल दुसऱ्या जागी ठेवणं आजही शहाणपणाचं नाही. काही महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही खरी प्रत कुठली.

काय हलवायचं आणि काय नाही? डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज निःशंक हलवा, खरी जागा तेच खातात. डॉक्युमेंट्स हलवा. डेस्कटॉप मी हलवत नाही. हार्ड डिस्क मंद असली की लॉगिन झाल्यावर आयकॉन रांगत येतात, आणि एखाद्या दिवशी डी दिसलाच नाही तर समोर रिकामा पडदा आणि 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल'चा संदेश. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा, फायली नकोत. (काकांच्या डेस्कटॉपवर १४० फायली होत्या. त्या विषयावर आमचं बोलणं अजून चालू आहे.)

'ॲपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरला हात लावू नका, तो कितीही मोठा दिसला तरी. त्याला लोकेशन टॅब नसतो तो यासाठीच. अख्खा 'यूझर्स' फोल्डर उचलून डी वर नेण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. पुढच्या मोठ्या अपडेटला त्या युक्त्या निस्तरायला व्हिडिओवाला येत नाही.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज इथे 'व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्ह्ड' म्हणून एक सोय आहे. ती फक्त नव्या गोष्टींसाठी आहे. जुन्या फायली हलत नाहीत, उलट डी वर तुमच्या नावाचा आणखी एक फोल्डर तयार होतो आणि डॉक्युमेंट्स दोन ठिकाणी विभागलं जातं. लोकेशन टॅब वापरणार असाल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

तरीही सी वर काहीतरी साठतंय?

बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने जुना रस्ता पाठ करून ठेवलेला असतो. क्रोममध्ये कधीतरी डाउनलोडची जागा हाताने निवडली असेल, तर नोंद बदलली तरी क्रोम त्याच जुन्या जागी उतरवत राहतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स खाली नवा रस्ता द्या. वर्ड आणि एक्सेलचं ऑप्शन्समध्ये सेव्ह खाली. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची स्वतःची वेगळी जागा असते, ती प्रत्येकाची वेगळ्या मेन्यूत, शोधावी लागते. एक्सप्लोररच्या डावीकडे पिन केलेले फोल्डरही जुन्याच रस्त्याने नेऊ शकतात. अनपिन करून नव्याने पिन करा.

जागा खरी कोण खातंय ते कळत नसेल तर विनडिरस्टॅट हे फुकट साधन सी वर चालवा. कोणता फोल्डर किती मोठा हे रंगीत चौकोनांत दिसतं. मोठ्या अपग्रेडनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर कित्येक जीबी अडवून बसतो. तो दहा दिवसांनी आपोआप जातो, घाई असेल तर स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्समधून काढा.

तिथेच स्टोरेज सेन्स आहे. त्यात डाउनलोड्समधल्या बरेच दिवस न उघडलेल्या फायली पुसण्याचा पर्याय असतो. मुळात तो 'नेव्हर'वर असतो, पण जागा वाचवायच्या नादात कोणी ३० दिवस करून ठेवला, तर सातबाऱ्याची पीडीएफ एका सकाळी नसते. ज्यांच्या घरात डाउनलोड्स हेच कपाट आहे त्यांनी तो नेव्हरवरच ठेवावा.

डी वर ज्या फोल्डरचं नाव तुम्ही 'डेटा' ठेवलं होतं तो अचानक 'डॉक्युमेंट्स' म्हणून दिसायला लागला, तर भूत नाही. लोकेशन बदलताना विंडोज त्या फोल्डरात 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची छोटी लपलेली फाइल ठेवतं आणि ती दाखवायचं नाव ठरवते. डिस्कवरचं खरं नाव डेटाच असतं. विंडोजची भाषा मराठी केल्यावर फोल्डर मराठी नावाने दिसतात तेही असंच. नोंद परत सी वर नेल्यानंतरही डी वरच्या फोल्डरचं नाव तसंच राहिलं, तर त्यातली ही फाइल पुसा आणि एफ ५ दाबा. ती दिसण्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढावी लागते, आणि काम झालं की ती खूण परत लावा. मी लावायला विसरलो. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "डेस्कटॉपवर एकाच नावाच्या दोन फायली आल्यात. व्हायरस का रे?" एकाच जागी एकाच नावाच्या दोन फायली असूच शकत नाहीत, म्हणून त्यांची शंका रास्त. उत्तर असं, की डेस्कटॉप म्हणून दिसतो तो दोन फोल्डरांचा मिळून असतो, एक तुमचा आणि एक सगळ्या खात्यांचा सामाईक. प्रत्येकातली एकेक आयएनआय.

मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण. विंडोजमध्ये अख्खा रस्ता धरून साधारण २६० अक्षरांची मर्यादा अजून बऱ्याच ठिकाणी आडवी येते, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याचं चिन्ह प्रत्येकी एक मोजलं जातं. 'इतिवृत्त' आपल्याला चार अक्षरं, कॉम्प्युटरला आठ. सोसायटीच्या वार्षिक सभेची, सालवार, विषयवार, फोल्डरात फोल्डर अशी रचना केली आणि नावं पूर्ण मराठीत दिली, तर हलवताना मध्येच 'नाव फार लांब आहे' म्हणून काही फायली मागे राहतात. 'स्किप' दाबू नका. वरच्या फोल्डरांची नावं तात्पुरती 'स १', 'स २' करा, हलवा, मग हवी तर परत लांब करा.

काकांच्या सी वर आता ४८ जीबी मोकळे आहेत. सगळं डी वर असल्यामुळे आठवड्यातून एकदा सोसायटीचे हिशेब पेन ड्राइव्हवर घेण्याचं काम पुतणीकडे दिलंय, कारण ती हार्ड डिस्कही आठ वर्षांची आहे.

विंडोज परत टाकायची वेळ आली, तर दुरुस्तीवाल्याला सांगायचं वाक्य मी कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलंय: डी फॉरमॅट करू नका. आणि खाली काकांसाठी: लॉगिन झाल्यावर बॅकअप विचारला तर सध्या नको म्हणा, मग प्रत्येक नावावर राइट क्लिक, लोकेशन, मूव्ह, आणि डी वरचा त्याच नावाचा जुना फोल्डर निवडा. नव्या विंडोजच्या फोल्डरात तोपर्यंत दोन-चारच फायली असतात, त्या येस म्हणून आत घ्या. जुना फोल्डर उघडताना परवानगी नाही असं म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा, फायली जास्त असतील तर त्याला चहा होईपर्यंत वेळ लागतो.